शॉर्टस्टॉप कोलार, मुक्काम सेंटर फील्ड

कोलार, एमेट जोसेफ. वय वर्षे तेवीस. मूळ गाव नेब्रास्का राज्यात. लोकसंख्या नमूद करण्याजोगी नाही. उंची सहा फूट. फलंदाजी उजवी, फेक उजवी. खेळण्याची जागा: शॉर्टस्टॉप. पायांचा वेग: उत्तम. स्वभाव: शांत, स्थिर, आज्ञाधारक. व्यसने: आढळली नाहीत. पूर्वीच्या दुखापती: उजवा घोटा, बरा झालेला. सध्याचा पत्ता: मिसेस ओडम यांची मागची खोली, मार्चअखेरपर्यंत.

बेसबॉल क्लबच्या दप्तरी नोंद अशी होती. तिच्यातल्या पत्त्याची हमी मी देऊ शकते, कारण मिसेस ओडम म्हणजे मी. काउंटीच्या कोर्टात मी उभा जन्म कारकुनी केली, त्यामुळे अशा नोंदी कशा लिहितात ते मला ठाऊक आहे. जे मोजता येतं ते मोजायचं आणि उरलेल्याला 'शांत, स्थिर' म्हणायचं. कोर्टात मी ज्यांना शांत म्हणून नोंदवलं त्यांच्यापैकी दोघांनी पुढे न्यायाधीशांवर खुर्च्या फेकल्या.

एमेटने कधी खुर्ची फेकली नाही. पण त्याला स्थिर म्हणायचं तर उकळत्या पाण्यातल्या वाटाण्यालाही म्हणावं लागेल. जेवायला बसला की टेबलाखाली त्याचा गुडघा हलायचा आणि टेबलावर माझे चमचे वाजायचे. फ्रिज उघडायचा, आत बघायचा, काही न घेता बंद करायचा, आणि दोन मिनिटांनी आत काही नवीन उगवलं असेल अशा आशेने परत उघडायचा. संध्याकाळी मागच्या अंगणात जायचा आणि गॅरेजच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत बसायचा. बसायचा म्हणजे वाकलेला असायचा. चेंडू भिंतीच्या बुडाशी आपटायचा, जमिनीलगत सरपटत परत यायचा, एमेट तो उचलायचा आणि उचलता उचलताच परत फेकायचा. टप्, सर्र, टप्. मी आत बसून वाचत असले की त्या आवाजाची सवय व्हायची, आणि तो थांबला की मान वर करून बघावं लागायचं, काय बिघडलं म्हणून.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा असतो आणि फलंदाजाने मारलेल्या चेंडूंपैकी निम्मे त्याच्याकडे सरपटत येतात. त्याला क्षणाची उसंत नसते. प्रत्येक चेंडूला त्याला काहीतरी करावं लागतं: वाकायचं, सरकायचं, बेस राखायचा, कुणाला तरी खूण करायची. ज्या पोराचा गुडघा हलतो त्याच्यासाठी देवाने केलेली ती जागा आहे. एमेट आठ वर्षांचा असल्यापासून तिथे उभा होता. त्याचे वडील धान्याच्या कोठीसमोरच्या काँक्रीटवर रोज संध्याकाळी त्याला सरपटी चेंडू मारायचे. काँक्रीट ओबडधोबड होतं. "त्यावर जो पकडेल तो गवतावर झोपेतही पकडेल," असं वडिलांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या तोंडून एवढी मोठी वाक्यं फारशी बाहेर पडत नसत.

त्या वर्षी, आमच्या गावात भरणाऱ्या क्लबच्या सराव शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात मिस्टर हॅवर्टींनी त्याला कचेरीत बोलावलं. हॅवर्टी म्हणजे क्लबच्या होतकरू खेळाडूंचे मुख्याधिकारी. फ्लोरिडाच्या उन्हात त्यांच्या शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

"एमेट, आम्ही तुला हलवत नाही आहोत," ते म्हणाले. "आम्ही तुला वाढवतो आहोत."

वाढवून त्याला सेंटर फील्डला पाठवलं. सेंटर फील्ड म्हणजे दुसऱ्या बेसच्या पाठीमागे, पार लांब, जिथे नुसतं गवत आहे. शॉर्टस्टॉपच्या जागी येइसन पोलांको आला होता. डॉमिनिकन पोरगा, एकोणीस वर्षांचा. त्याला करारावर सही करताना मिळालेल्या रकमेत नेब्रास्कातलं एमेटचं अख्खं गाव रंगवून झालं असतं. आणि तो खेळायचाही तसाच. मी आमच्या मैदानावर स्वयंसेवक आहे. तिसऱ्या बेसच्या मागच्या रांगांमधल्या खुर्च्यांवरचं दव टॉवेलने पुसते आणि लोकांना त्यांच्या जागा दाखवते. बरेच शॉर्टस्टॉप बघितलेत. येइसन चेंडूकडे धावत जात नसे. चेंडू यायचा तेव्हा तो आधीच तिथे उभा असायचा, जरा कंटाळल्यासारखा.

एमेटपुढे प्रश्न साधा होता. मार्च संपताना क्लब माणसं कमी करतो. सकाळी कपड्यांच्या खोलीत एक जण येतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि म्हणतो, साहेबांनी बोलावलंय. त्या दिवशी दुपारच्या बसने माणूस घरी. शॉर्टस्टॉप म्हणून एमेटची आता गरज नव्हती. सेंटर फील्डला जमलं तर राहणार, नाही तर बस. घरी धान्याची कोठी होती आणि वडिलांचा धाकटा भाऊ तिथला मुकादम होता. नोकरी तयार होती. एमेटला तीच भीती होती.

नवा ग्लव्ह आला. शॉर्टस्टॉपचा ग्लव्ह लहान असतो, आत गेलेला चेंडू पटकन हाताला लागावा म्हणून. सेंटरचा केवढा तरी मोठा. एमेटने तो टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"यात बाळ झोपवता येईल," मी म्हणाले.

"दोन, मॅम," तो म्हणाला.

नवा ग्लव्ह लाकडाच्या फळीसारखा कडक असतो. तो मऊ करायचे प्रत्येकाचे उपाय वेगळे आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे उपाय मूर्खपणाचे. एमेटने त्याच्या पंजात चेंडू ठेवून दोरीने करकचून बांधला आणि मला विचारलं की मी गाडी काढणार आहे का. बाजाराला जाताना आणि येताना माझी ब्यूक त्या ग्लव्हवरून दोनदा गेली. तो मागे उभा राहून बघत होता. चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मला वाटतं गाडी जरा जड असती तर बरं, असा भाव होता.

बाहेरच्या मैदानाचे प्रशिक्षक रॉस्को टिबोडो. लुइझियानाचे, साठी उलटलेली, गालात कायम सूर्यफुलाच्या बिया. आमची ओळख जुनी. रविवारी ते माझ्याकडे धुरावलेला मलेट मासा खायला येतात आणि त्यांच्या मुलखात मासा कसा याहून चांगला असतो ते सांगतात. सरावाची मागची मैदानं सकाळी कुणालाही उघडी असतात. कुंपणाला टेकून दोन-चार म्हातारे आणि मी, एवढेच प्रेक्षक. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिल्या दिवशी टिबोडोंनी एमेटला नेऊन गवतात उभं केलं. "इथे. ही तुझी जागा. काय दिसतं?"

"गवत, सर."

"छान. बघत राहा."

खेळ सुरू झाला. तिथे एमेटकडे चेंडू आला नाही. पहिल्या डावात नाही, दुसऱ्यात नाही. गोलंदाज चेंडू टाकायचा, एमेट गुडघ्यात वाकायचा, काही व्हायचं नाही, तो सरळ व्हायचा आणि एक पाऊल पुढे यायचा. पुढच्या चेंडूला आणखी एक. त्याला कळतही नव्हतं. तिसऱ्या डावात तो जवळजवळ दुसऱ्या बेसच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता, बसस्टॉपवर बस दिसते का बघणाऱ्या माणसासारखा. येइसनने मागे वळून पाहिलं.

"आजोबा, काही हवंय का?" त्याने विचारलं. एमेट त्याच्याहून चार वर्षांनी मोठा होता, एवढ्यावर त्याने त्याला आजोबा करून टाकलं होतं.

तेवढ्यात फलंदाजाने एक लांब फटका मारला. एमेट खरंच भन्नाट पळतो; तो मागे पळाला, पळतच राहिला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाऊन कुंपणाला लागला. तो आपल्या जागी उभा असता तर ग्लव्ह नुसता वर करायचा होता.

दुसऱ्या दिवशी टिबोडो घडीची खुर्ची घेऊन आले. सेंटर फील्डच्या गवतात ती उघडली, एमेटच्या दोन हात पुढे, त्याच्याकडे तोंड करून, आणि तिच्यात बसले. खेळाकडे त्यांची पाठ.

"सर, चेंडू लागेल," एमेट म्हणाला.

"लागेल कसा? तू पकडणार ना."

"तुम्ही वाटेत बसलाय."

"पुढे यायच्या वाटेत बसलोय. माझ्या मांडीवर येऊन बसलास तरी चालेल, नेब्रास्का, पण पुढे जायचं नाही."

तिथे बसून टिबोडोंनी सबंध सकाळ बिया खाल्ल्या. एमेट हलला नाही. म्हणजे जागेवरून हलला नाही; जागच्या जागी त्याचा गुडघा मला कुंपणावरून दिसत होता.

हळूहळू त्याला अंतर कळायला लागलं. चेंडू बॅटवरून निघाल्या निघाल्या कुठे पडणार ते ओळखायला लागला. पाय तर होतेच. टिबोडोंनी खुर्ची घडी करून नेली, आणि मला वाटलं, जमलं. वाटलं तसं झालं नाही.

तो चेंडू काही अवघड नव्हता. उंच उडालेला, लोंबकळत येणारा, दुसऱ्या बेसच्या जरा मागे, येइसन आणि एमेट यांच्या मधोमध. अशा वेळी नियम एकच असतो आणि तो शाळकरी पोरांनाही पाठ असतो. शॉर्टस्टॉप पाठमोरा मागे पळत जातो, मान वर करून, आणि पाठीमागून आवाज येईपर्यंत थांबत नाही. सेंटरवाला पुढे पळत येतो. त्याला चेंडू समोर दिसतो, म्हणून शब्द त्याचा. तो 'माझा' म्हणून ओरडला की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. ओरडला नाही, तर शॉर्टस्टॉपने घ्यायचा.

येइसन मागे पळत गेला, मान वर. एमेट पुढे आला, मान वर. दोघांचे कान टवकारलेले. कुणी काही बोललं नाही. येइसनला शेवटी पाठीमागे बुटांचा आवाज आला आणि तो दचकून थांबला. एमेट त्याच्या आधीच थांबला होता. चेंडू दोघांच्या मधे गवतावर पडला, मऊसा आवाज करून, आणि दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तिसराच कुणीतरी तो तिथे विसरून गेलाय.

टिबोडो चालत चालत मैदानात गेले. घाई नव्हती.

"कोणाची वाट बघत होतास?" त्यांनी विचारलं.

एमेट खाली बघत म्हणाला, "सेंटरवाल्याची."

"सेंटरवाला कोण?"

"मी, सर."

"मग झाली का भेट?"

येइसन हसला नाही. तो एमेटच्या जवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही ओरडत नाही, मी पळतच राहतो. एक दिवस आपली डोकी आपटणार. माझं डोकं महागाचं आहे, क्लबने सांगितलंय. तुमचं किती आहे?"

"फारसं काही नाही," एमेट म्हणाला.

त्या दिवसापासून ओरडण्याची शिकवणी सुरू झाली. वेग, झेल, फेक हे सगळं मैदानात शिकवता येतं. पण टिबोडोंचं म्हणणं पडलं की ज्याला मैदानात तोंड फुटत नाही त्याला घरी फोडावं लागतं. रविवारी मासा खाऊन झाल्यावर ते एमेटला माझ्या अंगणात घेऊन गेले. मी भांडी विसळत खिडकीतून बघत होते.

"गुरांना कशा हाका मारायचास?" टिबोडो म्हणाले. "तसं ओरड."

"आमच्याकडे गुरं नाहीत, सर. मका आहे."

"मक्यावर ओरडत नाहीत?"

"नाही सर. तो जागेवरच असतो."

टिबोडोंनी आकाशाकडे पाहिलं. "घरात? भावंडांवर?"

"आमच्या घरात कुणी ओरडत नाही. बटाटे हवे असले तर बटाट्यांकडे बघायचं. कुणीतरी पुढे करतं."

"आणि चेंडूकडे बघितलंस की तोही कुणी पुढे करेल असं वाटतं तुला? ओरड. माझा. तीनदा."

"माझा," एमेट म्हणाला. माझ्या अंगणात लिंबाचं झाड आहे. त्यावरचा पक्षीसुद्धा उडाला नाही.

"हे तू मला कानात सांगितलंस. मला नको सांगू, मी बुटका म्हातारा आहे, मी पळत नाहीये. समोरून एक रेडा पळत येतोय. सांग त्याला."

असं तासभर चाललं. शेवटी एकदा एमेटचा आवाज बरा निघाला, तेव्हा कुंपणावरून शेजारच्या मिसेस कल्पेपर डोकावल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "काय तुझं, बाळा?"

"झेल, मॅम. माफ करा."

आणि तो आवाज परत गेला तो गेलाच.

टिबोडो जाताना मला म्हणाले, "बाई, पोरगं सोन्यासारखं आहे. पाय असे आहेत की मी रडतो रात्री. पण हॅवर्टी रोज विचारतायत, बोलतो का, बोलतो का. शेवटच्या आठवड्यात नाही बोलला तर माझ्या हातात काही नाही." मग त्यांनी उरलेला मासा कागदात बांधून मागितला.

त्या संध्याकाळी गॅरेजवर चेंडू जास्तच जोरात आपटत होता. नंतर एमेट आत आला, फ्रिज उघडला, बंद केला, आणि मी न सांगता तवा घासायला घेतला. तवा घासलेलाच होता.

"लाज वाटते का ओरडायची?" मी विचारलं.

"नाही, मॅम." तो घासत राहिला. "मी तो आवाज लहानपणापासून ऐकलाय. मी मागे पळत असतो, वर चेंडू असतो, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणतं, माझा. म्हणजे, एमेट, तू हो बाजूला. मला राग यायचा नाही. बरंच वाटायचं. पण आता तो आवाज मी काढायचा. आणि पुढे मान वर करून जो मागे पळत येतोय, त्याला हाकलायचं."

"येइसनला."

"येइसन आहे तो. पण दिसतो मला मीच."

कोर्टात अशा वेळी आम्ही कामकाज तहकूब करायचो. मी त्याला ग्रेपफ्रूट कापून दिलं.

घरी त्याने अजून काही कळवलं नव्हतं. पुढच्या फोनवर आईने इकडचं तिकडचं विचारलं आणि फोन वडिलांकडे दिला. एमेट फोन टेबलावर ठेवून बोलत होता, कारण हात चेंडू झेलण्यात गुंतलेले होते. म्हणून मलाही ऐकू आलं.

"खेळवतात का?" वडील.

"हो."

"कोठीसमोर बर्फ आहे अजून." मग, "हात चांगले आहेत ना? सरपटी येतात का नीट?"

"मला आता सेंटरला उभं करतात, बाबा."

एमेटने चेंडू झेलला आणि हातातच धरून ठेवला.

"तिथे ऊन लागतं," वडील म्हणाले. "टोपी घाल."

एमेटने फोन बंद केला आणि फिरायला बाहेर पडला. परत आला तेव्हा त्याचे बूट समुद्राच्या वाळूने भरलेले होते. समुद्र आमच्या घरापासून बराच लांब आहे.

शेवटचा आठवडा उजाडला. कपड्यांच्या खोलीतल्या कपाटांवरच्या नावाच्या पट्ट्या एकेक करून निघायला लागल्या. एमेटच्या शेजारच्या कपाटावरची पट्टी सकाळी गेली आणि तिथे फक्त चिकटपट्टीची चौकट राहिली. एमेट मला म्हणाला, कपडे बदलताना नजर तिकडेच जाते. त्याने दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. ग्लव्ह मात्र दोन्ही वेळा बाहेरच ठेवले, दोन्ही.

मग त्याला मोठ्या मैदानावरच्या सामन्याला बोलावणं आलं. मोठ्या खेळाडूंना शेवटचे डाव विश्रांती द्यायची असते तेव्हा मागच्या मैदानांवरून पोरं मागवतात. त्यांना शिल्लक शर्ट देतात, पाठीवर नाव नसलेला, भलत्याच मोठ्या आकड्याचा. एमेटचा आकडा चौऱ्याण्णव होता. येइसनचा ब्याऐंशी. माझ्या रांगांमधले म्हातारे सातव्या डावानंतर उठून घरी जायला लागतात, कारण ज्यांना बघायला आलो ते आता बसून सरबत पिताहेत. त्या दिवशी मी कुणाला जागा दाखवली नाही. टॉवेल हातात घेऊन उभी राहिले. हॅवर्टी तीन रांगा पुढे बसले होते. शर्टाची घडी जागेवर.

नववा डाव. धावसंख्या बरोबरीत. पाहुण्यांचा एक गडी बाद. त्यांचे धावपटू पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. एमेट सेंटरला, आपल्या जागी. मी नजरेने मोजलं, खुर्ची असती तर बरोबर तिच्या मागे. त्याचा गुडघा हलत होता.

आणि चेंडू उडाला. उंच, लोंबकळत, दुसऱ्या बेसच्या मागे. मी हा चेंडू आधी पाहिलेला होता.

येइसन वळला आणि पाठमोरा पळाला, मान वर. एमेट पुढे सुटला. तो किती वेगाने येत होता ते येइसनला दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसत होतं, आणि हा वेग थांबणाऱ्याचा नव्हता. आता एकतर ओरडणार, नाहीतर आपटणार दोन डोकी, एक महागाचं, एक स्वस्तातलं. चेंडू खाली यायला लागला. अजून काही नाही. अजून नाही.

"माझा!"

मी कोर्टात आरोपींचे नातेवाईक ओरडताना ऐकलेत. असा आवाज ऐकला नव्हता. "माझा! माझा! बाजूला हो!" येइसन जमिनीवर लोळण घेऊन बाजूला झाला. डावीकडचा खेळाडू थांबला, उजवीकडचा थांबला, जो त्यात कुठेच नव्हता तो तिसऱ्या बेसवालाही थांबला, आणि माझ्या रांगेत सरबत विकणारा पोऱ्या तबक घेऊन पायरीवर खिळला. एमेटने पळता पळता तो केवढा तरी ग्लव्ह पुढे केला आणि चेंडू त्यात आला.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. आता तिसऱ्या बेसवरचा धावपटू घराकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या बेसकडे, निघणार होता; झेलानंतर तशी मुभा असते. सेंटरवाल्याने अशा वेळी पुढे पळण्याचा सगळा जोर लावून चेंडू सरळ घरच्या बेसवर फेकायचा असतो. एवढ्या जवळून धावपटू बादच व्हायचा. पण एमेटच्या हातांना कुणी विचारलं नव्हतं. चेंडू हाताला लागला आणि हातांनी जे आठव्या वर्षापासून केलं तेच केलं: गर्रकन वळून, कमरेतून, झटक्यात पहिल्या बेसला फेक. सुंदर फेक होती. शॉर्टस्टॉपची. पहिल्या बेसवरचा धावपटू बेसवर आरामात उभा होता. तिथल्या आमच्या खेळाडूने चेंडू घेतला आणि शेजाऱ्याचं टपाल आपल्या पेटीत आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिसऱ्यावरचा चालत घरी पोचला होता. त्याला पळायचीही गरज पडली नाही.

त्या एका धावेने आम्ही हरलो. सराव सामन्याचा निकाल कुणी लक्षात ठेवत नाही, हे मी एमेटला त्या संध्याकाळी सांगितलं.

"हॅवर्टी बसले होते," तो म्हणाला.

"बसले होते."

"ते ठेवतील लक्षात."

त्याने तिसऱ्यांदा बॅग भरली. या वेळी एक ग्लव्ह आत ठेवला, लहान. मोठा बाहेर खुंटीवर टांगला, जसं भाड्याच्या घरातलं सामान जाताना मालकासाठी ठेवतात तसं.

सकाळी मी त्याला गाडीने मैदानावर सोडलं आणि घरी गेलेच नाही. खुर्च्या पुसायच्या होत्या. सामना नव्हता, तरी पुसल्या. पुढचं मला येइसनने सांगितलं, हातवाऱ्यांसकट. एमेट कपाटासमोर बसला होता. पट्टी जागेवर होती, पण पट्ट्या कधीकधी उशिरा काढतात. पाठीमागून पावलं आली आणि खांद्यावर हात पडला. येइसन म्हणाला, आजोबा पांढरे झाले, पार या भिंतीसारखे.

हात टिबोडोंचा होता.

"काल कुठे फेकलास तो?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या बेसला, सर."

"का?"

"माहीत नाही, सर. हात गेला."

"हाताचं मी बघतो. हाताला शिकवता येतं. आवाज ऐकला हॅवर्टींनी. म्हणे, हा आमचाच का? मी म्हटलं, हो, आमचाच." त्यांनी एक बी थुंकली. "मंगळवारी बस आहे. घरची नाही. टेक्सासची. दुसऱ्या फळीचा संघ, सेंटर फील्ड, रोज. तिथे ऊन लागतं."

"टोपी आहे, सर," एमेट म्हणाला.

येइसन पहिल्या फळीच्या संघाबरोबर गेला. जाण्याआधी तो एमेटला म्हणाला, "आजोबा, परत भेटलो की ओरडा. पण जरा आधी. मला या कानाने अजून ऐकू येत नाही."

मंगळवारी एमेट गेला. जाताना त्याने तवा घासला, चादरी घडी करून ठेवल्या आणि फ्रिज एकदा उघडून बंद केला. क्लबच्या दप्तरातली नोंद आता दुरुस्त झाली आहे, टिबोडोंनी मला ती रविवारी वाचून दाखवली: कोलार, एमेट जोसेफ. खेळण्याची जागा: सेंटर फील्ड. पायांचा वेग: उत्तम. आवाज: पुरेसा. स्थित्यंतर: पूर्ण व यशस्वी.

माझ्या गॅरेजची भिंत मी अजून रंगवलेली नाही. चेंडूचे सगळे डाग गुडघ्याच्या खाली आहेत.